आपण म्हणजे कोण?

पंचनामे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण त्यांच्या गल्लीत आज कुणाला त्यांचं खरं आडनाव विचारलं, तर माणूस डोकं खाजवत बसेल. नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नाही, पण पाडणाऱ्याने अगदी मापात पाडलं. हे गृहस्थ साधं "कसं काय, बरं आहे ना?" विचारायला लागले तरी ऐकणाऱ्याला वाटतं, आता खाली सही करावी लागणार.

नोकरी वीज कंपनीत. महिन्याचे आकडे टिपून नेणारे वेगळे. हे त्यांच्या मागून जाणारे. ज्या घरात वापर कमी आणि थाट जास्त, त्या घराची बेल हे वाजवणार. मीटरच्या सीलची तार ओढून बघायची, मीटरच्या मागून भिंतीत एखादी चोरवायर घुसली आहे का ते बोटांनी चाचपायचं, कुणी लोहचुंबक चिकटवल्याच्या खुणा आहेत का ते टॉर्च मारून पाहायचं. घरमालक चहा विचारायचा. पंचनामे छाती पुढे काढून म्हणायचे, "आपण कुणाच्या घरचा चहा घेत नाही." आणि जिथे चहाचं लवकर विचारलं जाई, तिथलं मीटर ते दोनदा बघत.

कामावर हा गुण होता. साहेबाने दोनदा पाठ थोपटली होती. पण माणूस संध्याकाळी टॉर्च पिशवीत ठेवतो, तसे डोळे काही ठेवता येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही," तर काही झालेलं नाही याची खातरजमा करायला पंचनामे दुसऱ्या डॉक्टरकडे जात. दुकानदाराने हसून स्वागत केलं की वजनकाट्याकडे बघत. बायको बाजारातून आली की पिशवी हातातून घेता घेता म्हणत, "आज फार गर्दी होती वाटतं?" आवाज अगदी मऊ. त्यांनी बायकोवर कधी आवाज चढवला नव्हता, हात तर लांबच राहिला. स्वतःला ते संशयी मानतही नसत. "मी फक्त विचारतो," असं म्हणत. विचारायला काय लागतं?

त्यांना एकुलती एक मुलगी. पावलांचा आवाज न करता घरभर फिरायची म्हणून लहानपणी तिला मनी म्हणायला लागले, ते आता बारावी होऊन डॉक्टरकीला निघाली तरी मनीच. हुशार. बापाला अभिमान इतका, की तिचे मार्क त्यांनी शाळेत जाऊन पुन्हा मोजून घेतले होते.

मनीला दोन मेडिकल कॉलेजांत जागा मिळाली. एक पुलापलीकडे, गच्चीवरून त्याची पाण्याची टाकी दिसायची. नवीन कॉलेज, चांगलं कॉलेज, बसने गेलं की आलंच. दुसरं रेल्वेने एक रात्र आणि वर अर्धा दिवस. जुनं, नावाजलेलं. त्या कॉलेजच्या दगडी जिन्याचा फोटो मनीने आठवीत असताना कुठल्याशा मासिकातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. मनीची मावशीही त्याच शहरात राहायची. आठवडा संपायच्या आत कुठलं ते कळवायचं होतं.

पंचनाम्यांना पोरगी जवळ हवी होती. म्हणून त्यांनी भाषण तयार केलं. न्हाणीघरात पाणी अंगावर घेता घेता त्याची तालीम केली. दुरून डोंगर साजरे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. परक्या गावात आजारी पडलीस तर तोंडात पाणी कोण घालील? भाषण चांगलं जमलं होतं, शेवटी गळा थोडा दाटून यायचा तोही जमला होता.

रात्री जेवताना त्यांनी घसा खाकरला, तेवढ्यात मनीच म्हणाली, "बाबा, मी जवळचं घेते."

दुसरा कुणी बाप असता तर त्याने आणखी एक घास जास्त खाल्ला असता. पंचनाम्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"का?"

"जवळ आहे म्हणून."

"पण तुला तर ते लांबचं हवं होतं. तो फोटो—"

"आता नको वाटतं."

मनीची आई वाढत होती. तिने डाव खाली ठेवला, "नीट विचार कर गं," एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. पाण्याचा तांब्या टेबलावर भरलेलाच होता. पंचनाम्यांनी ते बघितलं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पोरीने आठवीपासून उराशी बाळगलेलं स्वप्न एका घासात गिळून टाकावं, यात कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तपास सुरू झाला. आधी संशय कॉलेजवर. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "उत्तम कॉलेज आहे, डोळे झाकून घाला." डोळे झाकून या शब्दावर पंचनाम्यांचे डोळे आणखी उघडले. ऑफिसात त्यांचा एक जोडीदार होता, तारा दुरुस्त करायला खांबावर चढणारा आणि स्वतःही खांबाइतकाच उंच. त्याचा पुतण्या तिथेच शिकत होता.

"काही वाईट ऐकलंस का तिथलं?" पंचनाम्यांनी विचारलं.

"नाही बुवा. पोरगा खूश आहे."

"काहीतरी असेलच."

"अरे, तुला पोरगी जवळच हवी होती ना?"

"म्हणून तर," पंचनामे म्हणाले. "मला हवं ते मला न मागता कोण देतंय?"

"तुला देवाने स्वर्गात घेतलं ना," खांब म्हणाला, "तर तू आधी दाराची बिजागरी बघशील."

कॉलेजात काही सापडेना, तेव्हा संशयाने घराकडे मोर्चा वळवला. आणि तिथे त्याला खाद्य मिळालं.

संध्याकाळी पंचनामे जिना चढून गच्चीवर निघाले होते. मनी वर कपडे काढत होती. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरलेला, हातात चिमटे. पंचनामे शेवटून दुसऱ्या पायरीवर थांबले. थांबले म्हणजे आपोआप थांबले. अशा वेळी त्यांचे पाय त्यांना विचारत नसत.

"छे छे, ठरलंय आता," मनी म्हणत होती. "आपण काही लांब जात नाही. आपण इथंच बरे." मग थोडं ऐकून घेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांना खरं कारण कळायला नको, बस्स."

आपण! आपण म्हणजे दोघं. आपण म्हणजे ही आणि तो. तो कोण? तोही डॉक्टर होणार, त्यालाही पुलापलीकडेच जागा मिळाली आहे, आणि दोघांनी मिळून ठरवलं आहे, की आपण इथंच बरे. मनीच्या आईला माहीत आहे. नाहीतर भरल्या तांब्यावरून ती पाणी आणायला कशाला जाईल? सुतावरून स्वर्ग गाठणारे पुष्कळ असतात. पंचनाम्यांनी एका शब्दावरून जावई गाठला. जिना उतरेपर्यंत त्याला चष्माही लागला होता आणि त्याच्या बापाशी बोलणीही फिसकटली होती.

सकाळी मनी म्हणाली, "कॉलेजच्या ऑफिसात जाऊन येते, जागा पक्की करायची आहे." तिला बसमध्ये चढू दिलं आणि पंचनामे कामाची पिशवी खांद्याला लावून मागच्या बसने निघाले. साहेबाला फोनवर सांगितलं, पोट बिघडलंय.

फाटकाशी पहारेकऱ्याने अडवलं. त्याची नजर पिशवीवर, पिशवीवरच्या कंपनीच्या शिक्क्यावर गेली आणि चेहरा एकदम उजळला. "मीटरवाले ना? या, या. कधीपासून तक्रार केलीय." त्याने पंचनाम्यांच्या दंडाला धरलं, इमारतीला वळसा घालून मागे नेलं, आणि मीटरच्या खोलीचं कुलूप उघडून त्यांना आत ढकललं. हेरगिरीला आलेला माणूस ड्युटीवर लागला. बाहेर मनी कुणाबरोबर बसली असेल, कुणाशी हसत असेल, आणि हे आत भिंतभर मीटरांसमोर उभे! पण जात्याच माणूस असा, की समोर मीटर असताना नुसतं उभं राहणं जमेना. टॉर्च काढला. सगळी सीलं ओढून पाहिली. सगळी जागच्या जागी. कुठे ओरखडासुद्धा नाही. इतकी नीटस व्यवस्था बघून त्यांचा संशय आणखीच बळावला, पण तक्रार कसली होती ते विचारायचं मात्र राहून गेलं.

ते हात झटकत बाहेर आले, तर समोर मनी.

"बाबा? तुम्ही?"

"मीटर," पंचनामे म्हणाले.

"हा भाग तुमच्याकडे येतो का?"

त्यांनी तिच्या मागे बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मनी एकटी होती. ऑफिस अजून उघडलं नव्हतं, म्हणून ती सावलीत चक्कर मारत होती. तिने बापाकडे नीट पाहिलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं. ती रागावली नाही. फक्त दमल्यासारखी झाडाखालच्या बाकावर जाऊन बसली. पंचनामेही शेजारी बसले. आता आडपडदा कसला?

"आपण म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"काल गच्चीवर. आपण लांब जात नाही, आपण इथंच बरे. कोण आहे तो?"

मनीला क्षणभर काही कळेना. मग ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो बाबा, मावशीचा फोन होता! ती मागे लागली होती, तिकडेच ये म्हणून. आपण म्हणजे मी! तुम्ही नाही का म्हणत, आपण कुणाच्या घरचा चहा घेत नाही? तेव्हा तुमच्याबरोबर दुसरं कोण असतं?"

पंचनामे ओशाळले. चष्मेवाला जावई त्याच्या बापासकट हवेत विरून गेला. त्यांना इतकं हलकं वाटलं, की तेही हसले. असे दोघं मिळून किती दिवसांनी हसले असतील कोण जाणे. तिथेच उठून घरी गेले असते, तर बरं झालं असतं म्हणायचं. पण वायरचं एक टोक सापडलं की दुसरं शोधल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"मग खरं कारण काय? मला कळायला नको ते?"

मनीचं हसू गेलं. ती चपलेने बाकाखालची माती उकरत बसली.

"आई एकटी पडेल," ती म्हणाली.

"एकटी कशी पडेल? मी आहे ना घरात."

"तुम्ही आहात म्हणूनच, बाबा."

पंचनाम्यांना आधी नीट ऐकूच आलं नाही. म्हणजे शब्द ऐकू आले, पण आत शिरले नाहीत. मनी मात्र थांबली नाही. इतकी वर्षं पावलं न वाजवता चाललेली पोर आता सरळ बोलत सुटली.

"मी लहान असताना आई कुठेही निघाली, शिंप्याकडे म्हणा, मैत्रिणीकडे म्हणा, की तुम्ही म्हणायचात, मनीला घेऊन जा. मला वाटायचं माझी मजा व्हावी म्हणून. परत आलो की तुम्ही मला मांडीवर घ्यायचात आणि विचारायचात, कोण कोण होतं तिथे? आई कुणाशी बोलली? मी सांगायचे, कुणी नव्हतं. खरंच कुणी नसायचं हो. मग एकदा मी सांगितलं, चष्म्याच्या दुकानातले काका आईला हसवतात."

चष्म्याच्या दुकानात मनीची आई तेव्हा काउंटरवर कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून, मान तिरकी करून बघायची. काम तिला आवडायचं.

"आईने नोकरी सोडली ती त्यानंतर. अजून विचारलं तर म्हणते, उभं राहून गुडघे दुखायचे. मी पहिलीत होते, बाबा. मला वाटलं होतं, तुम्हाला ऐकून मजा वाटेल."

"मी तिला नोकरी सोड म्हणालो नव्हतो," पंचनामे म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "मी कधी तिला ओरडलो नाही. विचार तिला."

"नाही ओरडलात. तुम्ही फक्त विचारता. आज उशीर का झाला, दारावर कोण आलं होतं, फोन कुणाचा होता. रोज. मी घरात असले की मध्ये बोलते, उत्तर मी देते, विषय बदलते. मी गेल्यावर कोण बदलणार? तुम्ही विचारत राहाल आणि ती उत्तरं देत राहील." मनीने डोळे पुसले. "मला लांबचंच हवं होतं. अजूनही हवंय. पण मला तिथे झोप लागणार नाही."

ऑफिस उघडल्याची घंटा वाजली. मनी उठली. पंचनाम्यांनी तिचा हात धरला. "आज नको," ते म्हणाले. "घरी चल. उद्या काय ते कर."

पूल त्यांनी चालत ओलांडला. मनी पुढे, बाप मागे. खोटं कशाला बोला, पुलाच्या मध्यावर आल्यावर पंचनाम्यांच्या मनात आलंच, की हे सगळं पोरीला आईने पढवलं असेल. दोघींनी मिळून ठरवलं असेल. आणि हा विचार आला तसे ते कठडा धरून उभे राहिले. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या भिंतीत त्यांनी जे चाचपलं, ते आज स्वतःत हाताला लागलं होतं, आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. घाम पुसून ते पुन्हा चालू लागले.

मनीची आई इस्त्री करत होती. पंचनामे तिच्यासमोर उभे राहिले आणि जे ऐकलं ते सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. पंचनामा करायची सवय तेवढी कामाला आली. ती ऐकत राहिली. कापड जळल्याचा वास आला तेव्हा तिने इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

"माझ्यासाठी?" तिने मनीला विचारलं. "माझ्यासाठी तू ते कॉलेज सोडणार होतीस? आणि मला वेडीला वाटत होतं, एवढ्या लांब जायला घाबरतेस. ताटावर माझे डोळे भरून आले होते, म्हणून आत पळाले."

"आई, मी—"

"एक अक्षर बोलू नकोस. माझी राखण करायला जन्माला नाही घातलं तुला." मनीच्या आईचा आवाज चढलेला त्या भिंतींनी पहिल्यांदाच ऐकला असेल. "तू लांबचंच घ्यायचंस. आत्ता, माझ्यासमोर कळव."

मग ती नवऱ्याकडे वळली. "तिला सोडायला मी जाणार. तुम्ही यायचं नाही. तिचं तिथे बस्तान बसेपर्यंत बहिणीकडे राहीन."

बस्तान बसेपर्यंत म्हणजे किती? पंचनाम्यांच्या ओठांवर प्रश्न आला. किती दिवस? बहिणीच्या घरी आणखी कोण कोण असतं? तिथे नोकरी तर नाही ना शोधणार? एकामागून एक प्रश्न घशाशी येऊन उभे राहिले, रांग लावून. मनी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"मोठ्या बॅगेची चेन बिघडलीय," पंचनामे म्हणाले. "दुरुस्त करून आणतो."

निघायच्या दिवशी सामान त्यांनीच उचललं. गाडीत बॅगा बाकाखाली सरकवल्या, पाण्याची बाटली खिडकीशी ठेवली. मनीने वाकून नमस्कार केला आणि मग, लहानपणी करायची तशी, त्यांच्या शर्टात तोंड खुपसून थोडा वेळ उभी राहिली. ते खाली उतरले. मनीची आई खिडकीत बसली होती. केस नीट विंचरलेले, चेहरा शांत. तिच्याकडे असं नुसतं, काही न शोधता, त्यांनी कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना.

"येते," ती म्हणाली.

निघणारं माणूस जाते म्हणत नाही, अभद्र वाटतं. येतेच म्हणतं. दोन दिवसांसाठी निघालेलं तेच म्हणतं, आणि कायमचं निघालेलंही तेच म्हणतं. पंचनाम्यांनी तो शब्द आतून बाहेरून चाचपला. कुठेच काही हाताला लागलं नाही.

"ये," ते म्हणाले.

गाडी हलली. ते चार पावलं बरोबर चालले, मग थांबले.

घरी परतले तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त बाई दारापुढच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. "गेल्या का दोघी?" त्यांनी विचारलं. "पोर हुशार हो तुमची. आणि वहिनी परत कधी येणार?"

"विचारलं नाही," पंचनामे म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं. कुंडी भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. "तुम्ही? तुम्ही विचारलं नाही?"

"नाही," पंचनामे म्हणाले, आणि खिशातली किल्ली शोधत जिना चढू लागले.